सुके बूट

बुधवार, १२ फेब्रुवारी. तुझा दहावा.

घाटावर हजर: मी, वहिनी, मुकुंद, सलीम आणि मैदानावर तू पळायला शिकवायचास ती आणखी चार मुलं, तुझ्या ऑफिसातले तिघे, भटजी. गैरहजर: उदगीरचे मामा, गुडघ्यांमुळे, त्यांचा फोन येऊन गेला. ज्यांना कळवायचं होतं त्या सगळ्यांना मी कळवलं होतं, तेव्हा कुणी नावं ठेवायला जागा नाही.

दादा, कावळा लगेच आला.

आम्ही थांबायच्या तयारीने गेलो होतो. भटजींनी दर्भाचा कावळा करून बाजूला ठेवला होता. कावळा शिवला नाही तर काय काय बोलून बघायचं हे मी रिक्षातच ठरवलं होतं. पहिलं, वहिनीला एकटं पडू देणार नाही. दुसरं, मैदान बंद पडणार नाही. तिसरं, मुकुंदचं लग्न वेळेत करू. आणि तरीही पिंडाला चोच लागली नाही तर चौथी गोष्ट मी मोठ्याने बोलणार होते, मुकुंद शेजारी उभा असताना, सगळ्यांदेखत: "दादा, जे तू पोराला सांगितलं नाहीस ते मी सांगते, आता तरी जा." पण ती वेळच आली नाही. पिंड ठेवून आम्ही मागे सरतो न सरतो तोच एक कावळा उतरला, भात खाल्ला आणि गेला. भटजी म्हणाले, "तृप्त आत्मा. मागे काही राहिलेलं नाही."

सगळ्यांना हायसं वाटलं. वहिनीने डोळे पुसून पदर सारखा केला. मला मात्र राग आला. राहिलेलं नाही म्हणजे काय? एवढं मोठं राहिलंय आणि तू निवांत जेवून निघून गेलास.

लोक तुझ्याबद्दल चांगलंच बोलतायत. तुझ्या ऑफिसातल्यांनी एक कागद आणला होता, त्यात तुझी नोकरी, तू घडवलेली मुलं, तुझी पदकं असं सगळं होतं. ते त्यांनी वाचलं, मी ऐकलं, त्यात एक सालाची चूक होती ती सांगितली. ते सगळं मी इथे लिहीत बसणार नाही. मला तुझ्याशी त्या खड्ड्याबद्दल बोलायचंय.

तुझा खेळ लोकांना समजावून सांगायचं काम कायम माझ्याकडे असायचं, कारण तू सांगायला लागलास की समोरचा माणूस घड्याळ बघायचा. स्टीपलचेस म्हणजे तीन हजार मीटरची अडथळ्यांची शर्यत. मैदानाला फेऱ्या मारायच्या. वाटेत जाडजूड लाकडी आडवे, धक्का लागला तरी न पडणारे. पडायचं तर आपणच. आणि दर फेरीला एका आडव्याच्या पुढे पाण्याने भरलेला खड्डा, आडव्यापाशी खोल आणि पुढे उथळ होत गेलेला. वहिनीच्या आईने हे सगळं नीट ऐकून घेतलं होतं आणि विचारलं होतं, "मग बाजूनं का जाईनात?" तू त्यांच्याशी पुढे बरेच दिवस नीट बोलला नव्हतास.

तू स्वतः हा खेळ कधी खेळला नव्हतास. तू साधं लांब पल्ल्याचं पळायचास. मुकुंदला स्टीपलचेसमध्ये घातलंस ते "यात गर्दी कमी" म्हणून. माझ्या मते तुझ्या आयुष्यातला तो सगळ्यात व्यवहारी निर्णय होता आणि त्याबद्दल मी तुझं कौतुकही केलं होतं. खेळ तू पुस्तकातून शिकलास, चित्रं बघून. पुस्तकातल्या चित्रात पाणी होतं. आपल्या तारनाक्याच्या मैदानावरच्या खड्ड्यात ते कधीच नव्हतं. पालापाचोळा होता, गुटख्याच्या पुड्या होत्या, एकदा तर एका कुत्रीने तिथे पिल्लं घातली होती आणि त्यांचे डोळे उघडेपर्यंत तू त्या आडव्यावरचा सराव बंद ठेवला होतास.

पाणी कुठून येणार होतं? नळ एक दिवसाआड. ज्या दिवशी नळ त्या दिवशी पहाटेपासून कॉलनीतल्या बायकांच्या घागरी रांगेत. मी कॉलनीतल्या त्या मजल्यावर राहायचे जिथे पाणी चढतच नव्हतं. मला पाठीचं दुखणं लागलं तेव्हापासून तू ऑफिसला जायच्या आधी दोन बादल्या भरून माझ्या दारात आणून ठेवायचास. बेल वाजवायचा नाहीस. दार उघडलं की बादल्या, वर झाकलेला पंचा, आणि जिन्यात सांडलेला एक थेंब नाही. किती वर्षं. हे मी कधी बोलून दाखवलं नाही, कारण तुला बोललेलं चाललं नसतं. आज बोलते. त्या बादल्या होत्या म्हणून मी पुढे तुझ्याशी भांडतानाही तुला वेडा म्हणू शकले नाही.

आणि त्याच्याही आधीचं, गावचं. तुला आठवत असणारच, कारण तो मार तू खाल्ला होतास. आड लांब, आई दोन हंडे डोक्यावर घेऊन यायची. भरून ठेवलेल्या घागरीला चुकून आपला पाय लागला की लगेच खाली वाकायचं, पाण्याला बोटं लावायची आणि ती कपाळाला न्यायची. पाण्याला पाय लावायचा नाही. अन्नाला नाही, पुस्तकाला नाही, पाण्याला तर नाहीच. तू एकदा उन्हातून आलास आणि गार वाटावं म्हणून काठवटीतल्या पाण्यात दोन्ही पाय घालून बसलास. आईने तुला संध्याकाळपर्यंत घरात घेतलं नाही. हैदराबादेत आलो, नळ आला, फ्रिज आला, तरी आपल्या घरात ते वाकणं राहिलं. मुकुंद तर इथेच जन्मला, दुष्काळ त्याला ऐकूनच माहीत, पण बादलीला पाय लागला की तोही न बघता वाकायचा. तू त्याला ते मुद्दाम शिकवलं नव्हतंस. तो बघून शिकला.

तेव्हा तू त्याला उडी शिकवलीस ती अशी: आडव्यावर पाय दे, जोरात रेट, आणि अख्खा खड्डा ओलांडून पलीकडे मातीवर उतर. खड्ड्यात पाय पडता कामा नये. कोरड्या खड्ड्यात ते बरोबरही होतं, कारण उताराच्या सिमेंटवर उतरला असता तर घोटा मोडला असता. तुझा शब्द होता, "सुकं यायचं." दिवसभर तेच. "सुकं ये रे. सुकं ये." बाकीची पोरं त्याला सुक्या म्हणायची.

आणि चाललंही ते, हीच तर अडचण झाली. विद्यापीठांच्या स्पर्धेला त्याला नेलंस तेव्हा तिथल्या खड्ड्यात खरंच पाणी होतं. सगळी मुलं एक पाय पाण्यात आपटत, शिंतोडे उडवत पुढे जात होती आणि आपला मुकुंद हरणासारखा वरून. पहिला आला. घरी आल्यावर तू त्याचे बूट दिवाणखान्याच्या खिडकीत ठेवलेस आणि येईल त्याला दाखवत बसलास.

"शकू, हात लाव. लावून बघ."

"लावला."

"कसे आहेत?"

"सुके आहेत. वास येतोय. बाहेर ठेव."

मग त्याचं नाव जगभरच्या विद्यार्थ्यांच्या स्पर्धेसाठी लागलं आणि तुझे पाय जमिनीवर राहिले नाहीत.

ती वर्षंच तशी होती. दर महिन्याला काहीतरी नवीन येत होतं. गल्लीत केबल आली. आबिड्सच्या दुकानांत परदेशी बूट काचेमागे दिसायला लागले. अमीरपेटला एका इमारतीत दहा-दहा कॉम्प्युटर क्लास. कुठल्याशा नव्या कंपनीचा टायवाला मुलगा आपल्या घरी येऊन मुकुंदला बुटांचा जोड देऊन गेला, वहिनीने केलेल्या पोह्यांचा फोटोही काढून गेला. बूट फार हलके होते. तू ते उलटेपालटे करून बघत होतास.

"याला भोकं आहेत," तू म्हणालास.

"जाळी आहे ती," मी म्हटलं. "पाणी बाहेर जायला."

"बाहेर जायला आधी आत यावं लागतं."

"तेच म्हणतेय मी. बूट बनवणाऱ्यानं धरूनच चाललंय की पाणी आत येणार. जगात सगळे पाण्यात पाय देतात, दादा. म्हणून तर भोकं."

"हौ. ते त्यांच्या बुटाचं झालं. आपल्या पायाचं नाही."

मुकुंद खाली बसून नाड्या ओवत होता. मी म्हटलं, टँकर बोलावू. यादगिरी माझ्या शाळेच्या बागेला पाणी घालतो, त्याला सांगते. एकदा खड्डा भरू, पोराला आठवडाभर पाण्यात उतरू दे. मी तर कागद काढून टँकर कुठल्या फाटकातून आत येईल तेही लिहायला घेतलं होतं.

"काय करालीस तू?" तू म्हणालास. "बायका घागरी घेऊन उभ्या, अन् मी पाणी ओतू पोराला तुडवायला?"

"बोअरचं आणू. खारं असतं. कुणी पीत नाही."

"पाणी ते पाणी."

"दादा, शर्यत आहे ही. पूजा नाही."

"सुका येतो तो. पहिला येतो. आणिक काय पाहिजे तुला?"

मी मुकुंदकडे बघितलं. तो म्हणाला, "आत्या, राहू दे. बाबांना माहीत असतं." तू माझ्याकडे असं बघितलंस की बघ, झालं समाधान? मी कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला. मी पुष्कळ गोष्टी हट्टाने करून घेतल्यायत तुझ्याकडून, तुझी रक्ताची तपासणीसुद्धा. ही नाही झाली.

शर्यत माझ्या घरी बघितली, कारण केबल माझ्याकडे होती. अर्धी गल्ली आली होती. केबलवाल्याला मी दोनदा बजावून आले होते की आज सिनेमा लावायचा नाही. तू खुर्ची टीव्हीच्या इतकी जवळ ओढलीस की मागच्यांना तुझ्या टकलाशिवाय काही दिसेना, आणि कुणीतरी ते बोललंही.

तिकडची मुलं घोळक्याने पळत होती. एकमेकांच्या टाचांना टाच. मला खेळातलं फार कळत नाही, पण व्यवस्था कळते, आणि मला पहिल्याच पाण्याला कळलं की ही व्यवस्था मुकुंदला चालणार नाही. सुकं यायला समोर मोकळी जागा लागते, आडवा दिसावा लागतो, पावलं मोजून यावं लागतं. घोळक्यात यातलं काही नव्हतं. ती मुलं आडव्यावर पाय टेकवत होती, पलीकडच्या उथळ पाण्यात एक पाय सोडत होती आणि पळत होती, जसं काही तिथे पाणी नाहीच. मुकुंद दर फेरीला बाहेरच्या अंगाला सरकायचा, जागा करून घ्यायचा, मोठी उडी मारायचा, सुका यायचा. आणि दर फेरीला मागे पडायचा. तू म्हणत होतास, "सुका आला. आता काढतो बघ."

मग एका फेरीला तो दमला आणि उडी कमी पडली. पाय पाण्यात गेला. घोट्याच्या जरा वर, एवढंच. तिथून पुढे पळत सुटायचं, बस्स. तो पळाला नाही. दचकून त्याने पाय मागे ओढला, दुसराही पाण्यात गेला, तो गुडघ्यावर आला. आणि उठताना, दादा, त्याने बोटं पाण्याला लावली आणि कपाळाला नेली.

टीव्हीवर. जगासमोर. बाकीचे त्याच्या दोन्ही बाजूंनी निघून गेले.

मागून कुणीतरी म्हणालं, "देवाला नमस्कार करतोय वाटतं." कुणी हसलं. त्या खोलीत ते काय होतं हे दोघांनाच कळलं होतं. मी तुझ्याकडे बघितलं आणि तू माझ्याकडे बघितलं नाहीस. तू उठून टीव्ही बंद केलास. शर्यत संपलीही नव्हती. तो शेवटचा आला, पण पूर्ण करून आला. ते आपल्याला दुसऱ्या दिवशी कळलं.

त्याचा फोन आला तोही माझ्याच घरी. तिकडून बोलणं महाग, त्यामुळे तू सगळ्यात महत्त्वाचं तेवढंच विचारलंस.

"घाबरलास काय?"

तिकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. तू "बरं" म्हणून फोन ठेवलास. नंतर वहिनीने विचारलं, काय म्हणाला? तू म्हणालास, "घाबरला म्हणे." ते पेपरात आलं. गल्लीत झालं. वाण्याच्या दुकानात झालं. तू कुणाला काही सांगितलं नाहीस, पण कुणी "पोरगं घाबरलं का हो?" म्हणून विचारलं तर मान हलवायचास. नाही म्हणायचा नाहीस. ती मान मला अजून दिसते आणि अजून माझं डोकं फिरतं.

मुकुंदने पळणं सोडलं. भांडण झालं नाही. झालं असतं तर मी मध्ये पडून मिटवलं असतं. तो अमीरपेटला कॉम्प्युटरच्या क्लासला जायला लागला, मग बेंगळुरूला नोकरी. तुम्ही दोघं एकमेकांशी छान बोलायचात. गॅसचं कनेक्शन, वहिनीचा चष्मा, त्याच्या कंपनीतलं जेवण. दोन माणसं इतकी वर्षं इतक्या व्यवस्थित एका गोष्टीला वळसा घालून चालू शकतात, हे मी कुणाच्या घरात बघितलेलं नाही. बाजूनं का जाईनात म्हणणाऱ्या वहिनीच्या आईला मी हे दाखवायला हवं होतं.

आता तो रविवार, दोन दिवाळ्यांपूर्वीचा. तुझ्या रक्तदाबाच्या गोळ्या तू परत विसरून गेला होतास म्हणून मी त्या घेऊन मैदानावर आले. तर फाटकात यादगिरीचा टँकर.

यादगिरी नळी हातात धरून उभा होता आणि पुन्हा पुन्हा विचारत होता, "चेट्लकु कादा सार?" झाडांना नाही का घालायचं, साहेब? तू म्हणालास, इथेच घाल. खड्डा अर्धा भरला होता. कुत्रीच्या पिल्लांखाली कधीतरी घातलेल्या जुन्या चिंध्या वर तरंगत होत्या. पाणी भरून झाल्यावर तू चपला काढल्यास, वाकलास, बोटं पाण्याला लावलीस आणि कपाळाला नेलीस. मग सरळ उभा राहून ओरडलास, "सलीम, आ रे. एक पाँव अंदर."

सलीम धावत आला आणि आडव्यावरच थांबला. त्यालाही तूच सुकं यायला शिकवलं होतंस. तो म्हणाला, "साब, पाँव डालूँ क्या सच्ची में? पहले तो आप सूखा आओ बोलते थे ना?"

"हौ, बोलता था. गलत बोलता था मैं. मेरे बच्चे को भी गलतच सिखाया. वो डरा नहीं था. चल, कूद."

त्याने उडी घेतली. पाणी तुझ्या अंगावर उडालं. तू त्याला सांगत होतास, पाय मागे नको ओढू, पुढे काढ, हात खाली नको जाऊ देऊस. हात खाली नको जाऊ देऊस हे सलीमला सांगायची काही गरज नव्हती. त्याचा हात कशाला खाली जाईल?

मी गोळ्या तुझ्या हातात दिल्या आणि तिथेच म्हटलं, "हे मुकुंदला सांग."

"काय?"

"आत्ता जे याला सांगितलंस ते. शब्द न बदलता."

"कळलं असंल त्याला."

"कसं कळेल? बेंगळुरूला बसून?"

"सांगतो की. दिवाळीला येतोय."

दिवाळीला तो आला. तू त्याला नवा मिक्सर कसा चालतो ते दाखवलंस. मी स्वयंपाकघरातून डोळे वटारले, तू चकलीची पिठं संपली का म्हणून विचारलंस. मग तू म्हणालास, उन्हाळ्यात निवांत बोलतो. उन्हाळ्यात त्याला रजा मिळाली नाही. मग म्हणालास, फोनवर बोलायची गोष्ट नाही ही. खरं होतं. मग म्हणालास, त्याचं लग्न ठरू दे, तेव्हा बसू बापलेक. मी दर वेळी आठवण केली. सणाला, वाढदिवसाला, तुझ्या छातीत पहिल्यांदा दुखलं तेव्हा दवाखान्याच्या बाकावर सुद्धा. "शकू, तू माणसाला मरायलासुद्धा यादीप्रमाणे लावशील," तू म्हणालास. मी म्हटलं, "तू यादीत असतास तर हे कधीच उरकलं असतं." तू हसलास. तिथे नर्स आली.

मला सांग, हिंदीत जमलं ते मराठीत का जमलं नाही? परक्याच्या पोरासमोर, टँकरवाल्यासमोर, भर मैदानात तू एका दमात म्हणालास. स्वतःच्या पोरासमोर तुझी जीभ कुठल्या आडव्याला अडकली? मला वाटतं, सलीमसमोर तू फक्त मास्तर होतास आणि मास्तराला चूक सुधारता येते. बापाला येत नाही, असं तुला कुणी सांगितलं? आईने? आई तर तुला संध्याकाळी घरात घ्यायला स्वतः बाहेर आली होती आणि गूळ दिला होता. तेही तुला आठवत असणारच.

तू म्हणशील, तूच का सांगितलं नाहीस, शकू, तुला तर सगळं येतं. नाही. तुझ्या बादल्या तू आणायचास, त्या मी कधी दुसऱ्याकडून आणवल्या नाहीत. हे तुझं होतं.

आज घाटावरून परत निघताना सलीम माझ्याजवळ आला. तो आता चांगला पळतो. तू बघितलंसच, गेल्या वर्षी त्याचं नाव लागलं. तोंड धुवून आला होता, डोळे लाल.

"आपा, साब मुकुंदभाई के बारे में क्या बोले थे, मुकुंदभाई कू मालूम है ना?"

"नहीं."

तो म्हणाला, "तो मैं बोलूँ? मेरे कू तो एक एक लफ्ज याद है."

"नक्को. घर की बात है. मैं बोलती."

"कब?"

एवढासा पोरगा, आणि माझाच प्रश्न मला विचारतो. मी म्हटलं, "चप्पल घाल, ऊन आहे."

घरी येऊन जेवणं झाली. वहिनी जरा आडवी झाली. मी शनिवारच्या तेराव्याची तयारी काढून बसले होते: पानं, आचारी, भटजींची वेळ. मुकुंद गॅलरीतून आत आला आणि माझ्यासमोर खाली बसला, तुझ्यासारखाच, एक गुडघा वर घेऊन. शनिवारी संध्याकाळच्या गाडीने तो बेंगळुरूला जाईल आणि तिथून लगेच परदेशी. कंपनीने वाढवून दिलेली रजा तेवढीच. परत कधी ते त्यालाही माहीत नाही.

"आत्या, एक विचारू?"

"विचार."

"बाबा माझ्या त्या शर्यतीबद्दल कधी काही बोलले?"

सहा वर्षांत त्याच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

"का रे?"

"मी घाबरलो नव्हतो," तो म्हणाला. "फोनवर त्यांनी विचारलं, मी हौ म्हणालो. दुसरं काय म्हणणार? मला स्वतःलाच माहीत नव्हतं काय झालं ते. पाय पाण्यात गेला इतकं आठवतं. मग सगळे पुढे. मधलं काही आठवत नाही. एवढंसं पाणी, आत्या. मी कितीदा विचार केला. अजून कळत नाही मी का थांबलो."

त्याने ती शर्यत कधी बघितलीच नाही, दादा. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आपण दोघांनी बघितली. आपल्याला माहीत होतं तो का थांबला, आणि त्यालाच ते माहीत नव्हतं. तो इतकी वर्षं स्वतःच्या आत शोधत बसला होता, आणि उत्तर तुझ्याकडे होतं, कपाळाला लावलेल्या बोटांसकट.

आता मला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. एक, त्याचा हात कुठे गेला होता. ती मी सांगू शकते, ती त्याला बरीच वाटेल. दुसरी, तू "गलतच सिखाया" म्हणालास ती. ती सांगितली की तो विचारणार, कुणाला म्हणाले? मग मला सलीमचं नाव घ्यावं लागेल. मग तो विचारणार, केव्हा? आणि मी सांगणार की दोन दिवाळ्यांच्या आधी. नुसती पहिली सांगून दुसरी ठेवून घेतली तर सलीम कधीतरी बोलणारच. दोन्ही सांगितल्या तर त्याला त्याची शर्यत परत मिळेल आणि तू जरा कमी होशील. दहाव्याच्या दिवशी. हे ओझं तू माझ्या दारात ठेवलंस, यावेळीही बेल न वाजवता, आणि मला तुझा भयंकर राग आलाय, आणि तू इथे नाहीस म्हणून तो कुठे ठेवू ते कळत नाही.

मी त्याला म्हटलं, "पाच मिनिटं दे. एवढी केळीच्या पानांची यादी संपवते."

ती यादी कधीच संपली. मी हे लिहीत बसलेय. शनिवारी घर माणसांनी भरेल, उद्यापासूनच यायला लागतील, बोलायचं तर आजच, वहिनी उठायच्या आत. मुकुंद परत गॅलरीत जाऊन बसलाय. मध्ये एकदा त्याने आत डोकावून विचारलं, "झालं का, आत्या?"

मी म्हटलं, आलेच. अजून उठलेले नाही.